भूकंपलहरींवरून भूकंप व भूमिगत स्फोट यांतील भेद

भूकंपात विभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक परस्परांना घासून सरकतात. त्यामुळे प्राथमिक लहरींचा पहिला धक्का काही दिशांना दाबाचा, तर काहींना ताणाचा असतो; दुय्यम व पृष्ठीय लहरीही प्रबळ असतात. अणुस्फोट मात्र खडकांना सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो. साहजिकच पहिला धक्का सर्वत्र दाबाचा नोंदला जातो आणि पृष्ठीय लहरी तुलनेने क्षीण राहतात. ३ सप्टेंबर २०१७ रोजी उत्तर कोरियातील पुंग्ये-री येथे ६.३ महत्तेचा स्फोट झाला. सुमारे साडेआठ मिनिटांनंतरचा लहान धक्का मात्र भूभाग खचल्याचा असल्याचे लहरींच्या विश्लेषणातून दिसले. गुप्त चाचणी लपून राहू नये, हे १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराच्या पडताळणी व्यवस्थेचे उद्दिष्ट बव्हंशी याच भेदावर अवलंबून आहे.