गेलेल्याचा शब्द किती लांब चालतो?

वहीचा साधा कागद, पेन आणि दोन साक्षीदार. दादरचा फ्लॅट, गावाकडची बागायत, बँकेतल्या ठेवी असे आयुष्यभराचे सगळे किडूकमिडूक आपल्यामागे कोणाला जावे, हे ठरवायला भारतीय कायद्याला एवढे पुरते. तोच फ्लॅट जिवंतपणी विकायचा तर मुद्रांक शुल्क, फोटो, अंगठ्याचे ठसे, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली रांग. मृत्युपत्राला मात्र स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि वकील हवाच असेही नाही. ज्या दिवशी हा कागद बोलू लागतो, त्या दिवशी तो लिहिणारा जगात नसतो. तरीही बँका, सोसायट्या, न्यायालये त्याचे ऐकतात. मला हे फार मोठे आश्चर्य वाटते.

या आश्चर्याला हादरा बसू नये म्हणूनच साक्षीदार. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 63 त्यांच्याकडून अगदी नेमके काम मागते. मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना प्रत्येकाने पाहिलेले हवे, किंवा ‘ही सही माझीच’ असे त्याच्या तोंडून ऐकलेले हवे. मग त्याच्यासमोर स्वतःची सही करायची. दोघांनी एकाच वेळी हजर असायची गरज नाही. आत काय लिहिले आहे, कोणाला काय मिळणार, हे त्यांना कळायचीही गरज नाही. त्यांची साक्ष माणसाबद्दल असते, मालमत्तेबद्दल नसते. म्हणूनच अनेक जण घरच्या डॉक्टरांना साक्षीदार करतात: सही करणारा शुद्धीवर होता, हे त्यांच्याइतके ठामपणे कोण सांगणार? आणि साक्षीदार आपल्याहून वयाने लहान असावा, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगेन. ऐंशीच्या माणसाने ऐंशीचे दोन मित्र साक्षीला घेतले, तर वेळ येईल तेव्हा तिघांपैकी कोणीच नसेल.

मृत्युपत्र खरे की नाही, असा एक वाद 1958 साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की इतर दस्तऐवज आणि मृत्युपत्र यांत मोठा फरक आहे: हे माझेच की नाही, हे सांगायला करणारा परत येऊ शकत नाही. म्हणून सही थरथरती असेल, जवळच्या वारसाला काही कारण न देता वगळले असेल, किंवा ज्याला घबाड मिळते त्यानेच कागद करून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती शंका मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यानेच दूर करायची. समोरच्याने फसवणुकीचा आरोप केला नसला तरीही. आजही मृत्युपत्राच्या दाव्यांत या निकालाचा आधार घेतला जातो.

प्रोबेट म्हणजे याच तपासणीवर न्यायालयाने उमटवलेली मोहोर. कागद खरा आहे, एवढेच तिथे ठरते. फ्लॅट मुळात त्या माणसाच्या मालकीचा होता का, हा प्रश्न तिथे सुटत नाही. मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेटची सक्ती पिढ्यानपिढ्या होती, ती संसदेने 2025 च्या अखेरीस उठवली. वाद असेल तिथे मात्र प्रोबेट आजही कामाचे. आणि बँकेत किंवा सोसायटीत नाव नोंदवलेल्या नॉमिनीलाही मालक समजू नका. तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, एवढेच.

मग या शब्दाची धाव किती? मेलेल्या माणसाने जिवंतांना कायमचे बांधून ठेवू नये, म्हणून कायद्याने कुंपण घातले आहे. न जन्मलेल्या नातवासाठी तुम्ही मालमत्ता राखून ठेवू शकता. पण तुमच्या मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या कोणाचे तरी आयुष्य आणि त्यापुढे त्या बाळाचे अज्ञानपण, यापलीकडे मालकी लांबवता येत नाही. खाजगी ट्रस्टलाही ही मर्यादा चुकत नाही. धर्मादाय ट्रस्टला मात्र हे कुंपण नाही. सर रतन टाटा 1918 मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार 1919 मध्ये उभा राहिलेला ट्रस्ट आजही देणग्या देतो. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कोणालाही पाहता येतात. शंभर वर्षे उलटली, विश्वस्तांच्या पिढ्या बदलल्या, इच्छा अजून राबते आहे.

सरकारचा वाटा? 1953 मध्ये आपल्याकडे मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर कर आला, त्याचा वरचा दर पुढे 85 टक्क्यांपर्यंत चढला. वसुली तुटपुंजी आणि कटकट मोठी, म्हणून 1985 मध्ये तो रद्द झाला. आज भारतात वारसाहक्कावर कर नाही. ब्रिटनमध्ये ठरावीक मर्यादेपुढे तो 40 टक्के आहे.  आपल्याकडे कर येतो तो वारसाने मालमत्ता विकली की, आणि तिथेही एक गंमत आहे: नफा मोजताना खरेदीची किंमत वारसाची धरत नाहीत. आजोबांनी 2003 मध्ये घेतलेला फ्लॅट नातीने आज विकला, तर हिशेब सुरू होतो तो 2003 पासून, आजोबांनी मोजलेल्या पैशांपासून.