दिवाळं निघालं, तरी लबाडीचं देणं उरतं

न्यू जर्सीत वकिली करताना माझ्या मराठी अशिलांना मी आधी हेच बजावते: समोरच्याने दिवाळखोरी जाहीर केली म्हणून तुमचे बुडवलेले पैसे गेलेच, असं समजू नका. क्रेडिट कार्डाची थकबाकी, दवाखान्याची बिलं बहुधा माफ होतात. फसवणुकीचं किंवा अफरातफरीचं देणं नाही. मात्र धनकोंच्या बैठकीच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांत कोर्टात दावा लावावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जोडप्याने घर दुरुस्त करून विकलं. गळकं छप्पर, सदोष खिडक्या खरेदीदाराला सांगितल्याच नाहीत. ज्युरीने दोन लाख डॉलरहून जास्त भरपाई लावली. मग दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली. बायको म्हणाली, लपवाछपवी नवऱ्याची, मला पत्ताच नव्हता. तरी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं: ती व्यवहारात भागीदार होती, तिचंही देणं सुटणार नाही. निकाल कठोर आहे, पण मला तो पूर्ण पटतो.