आकडा सगळ्यात शेवटी

पाच मीटर लांबीची शिडी भिंतीला टेकवून उभी आहे. तिचं खालचं टोक सेकंदाला अर्धा मीटर वेगानं भिंतीपासून दूर सरकतंय. ते भिंतीपासून ३ मीटरवर असेल त्या क्षणी वरचं टोक किती वेगानं खाली येत असेल?

कॅल्क्युलसची तोंडओळख झालेल्या प्रत्येकाला हे उदाहरण भेटलेलं असतं, आणि अनेकांनी ते घोकून पाठ केलेलं असतं. एकमेकींशी बांधलेल्या दोन राशी. एकीच्या बदलाचा दर ठाऊक आहे, दुसरीचा काढायचा आहे. घोकंपट्टीची इथे काहीच गरज नाही. कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं नंतर, एवढं नीट कळलं की पुरे.

खालच्या टोकाचं भिंतीपासूनचं अंतर क्ष आणि वरच्या टोकाची उंची य मानू. पायथागोरसच्या प्रमेयानुसार क्ष² + य² = २५. शिडी घसरत असताना क्ष बदलतो, य बदलतो, पण हे समीकरण दर क्षणी खरं राहतं. म्हणून दोन्ही बाजूंचं काळाच्या संदर्भात विकलन करता येतं. साखळी नियम लावून दोननं भागलं की उरतं: क्ष × (क्षचा दर) + य × (यचा दर) = ०. आता आकडे घालू. क्ष ३ असताना य ४ असतो. म्हणजे ३ × ०.५ + ४ × (यचा दर) = ०. उत्तर उणे ०.३७५. वरचं टोक सेकंदाला साडेसदतीस सेंटिमीटर वेगानं खाली येतंय. उणे चिन्ह सांगतं की उंची घटते आहे.

गाडी अडते ती आकडा घालण्याच्या घाईपायी. प्रश्नात ३ दिसला की विद्यार्थी तो लगेच समीकरणात ठेवतो: ९ + य² = २५. आता बदलण्यासारखं काही उरलंच नाही. विकलन केलं की दर शून्य येतो. धावणाऱ्या माणसाचा फोटो समोर ठेवून त्यावरून त्याचा वेग विचारावा, तशी ही गत. म्हणून क्रम कधी मोडू नये: आधी सदैव खरं असणारं नातं, मग विकलन, आणि त्या क्षणाचा आकडा सगळ्यात शेवटी.

‘सदैव खरं’ हे शब्दही तपासून घ्यावे लागतात. वरचं टोक जमिनीजवळ येईल तसा य शून्याकडे जातो आणि सूत्रातला वेग अमर्याद वाढतो. प्रत्यक्षात असं घडत नाही. तिथे पोचण्याआधीच शिडीचं टोक भिंतीपासून सुटतं आणि आपलं समीकरण लागू राहत नाही.

दुसरं नेहमीचं उदाहरण शंकूच्या आकाराच्या टाकीचं. टोक खाली, तोंड वर. तोंडाची त्रिज्या २ मीटर, उंची ४ मीटर. मिनिटाला २ घनमीटर पाणी पडतंय. पाणी ३ मीटर चढलं असताना पातळी किती वेगानं वाढते? इथे पाण्याची त्रिज्या आणि उंची दोन्ही बदलतात, पण समरूप त्रिकोणांमुळे त्रिज्या नेहमी उंचीच्या निम्मी राहते. तेवढं वापरलं की घनफळ एकट्या उंचीत मांडता येतं. विकलन केल्यावर हाती येतं ते फार सुंदर आहे: पाणी येण्याचा दर = त्या क्षणीच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ × पातळी चढण्याचा दर. त्रिज्या दीड मीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ७.०७ चौरस मीटर. पातळी मिनिटाला सुमारे २८ सेंटिमीटर चढते. टाकी वर रुंद होत जाते तशी पातळी मंदावते, हे डोळ्यांना दिसतंच. समीकरणानं त्याचं माप दिलं.

या विचाराची मुळं आकाशाकडे पाहण्यात आहेत. चंद्राची सरासरी गती दिवसाला सुमारे १३ अंश, पण प्रत्यक्षात ती कधी १२च्या जवळ, तर कधी १५च्या आसपास असते. ११५०मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी म्हणूनच चंद्रासाठी तात्कालिक, म्हणजे त्या-त्या क्षणाच्या गतीचा आग्रह धरला. मध्यम (सरासरी गतीनं येणारं) स्थान आणि स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थान यांचं नातं ज्येच्या, म्हणजे साइनच्या सूत्रानं बांधलेलं. ज्येतला सूक्ष्म बदल कोज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हे वापरून त्यांनी एका गतीवरून दुसरी काढली. पुढे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे.

न्यूटननं १६७१च्या सुमारास लिहिलेल्या आणि १७३६मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या ग्रंथात तर राशी वाहत्याच मानल्या होत्या. पण ही उदाहरणं वर्गात रुजवण्याचं मोठं श्रेय विल्यम रिची यांच्या १८३६च्या पाठ्यपुस्तकाला जातं. वाढत जाणारा चौरस, तापून प्रसरण पावणारी धातूची तबकडी अशा साध्या गोष्टींतून सामान्य विद्यार्थ्याला कॅल्क्युलसचा गाभा कळावा, ही त्यांची तळमळ होती.

ती तळमळ आजही हवी आहे. उत्तराच्या आकड्याइतकेच गुण नातं अचूक मांडण्याला मिळाले, आणि शिक्षकांनी ‘यातलं काय बदलतं, काय बदलत नाही?’ हा प्रश्न पेन उचलण्याआधी विचारला, तर हा धडा पाठ करण्याची वेळच कुणावर येणार नाही.