फिरोजपूरचा ऑस्ट्रेलियन

मेलबर्न : येथील मैदानावर १५ मार्च १८७७ रोजी सुरू झालेल्या सामन्याला पुढे पहिली क्रिकेट कसोटी म्हणून मान्यता मिळाली, त्यात ऑस्ट्रेलियाकडून खेळलेल्या ब्रॅन्सबी कूपर याने त्याच दिवशी ३३ वर्षे पुरी केली. त्याचा जन्म पंजाबातील फिरोजपूरचा, म्हणजे भारतात जन्मलेला पहिला कसोटीपटू तोच होय.

इंग्लंडमधील रग्बी शाळेत शिकलेला कूपर मिडलसेक्स व केंट या परगण्यांच्या संघांतून खेळला होता, आणि १८६९ मध्ये ओव्हलवर डब्ल्यू. जी. ग्रेसबरोबर त्याने सलामीला २८३ धावांची भागीदारी केली होती. त्यानंतर थोड्याच काळात तो व्हिक्टोरिया वसाहतीत आला व सीमाशुल्क खात्यात नोकरीस लागला. हे खाते साधे नव्हते. १८५१ नंतर सोन्याच्या शोधाने भरभराटीस आलेल्या आणि स्वतःचे विधिमंडळ असलेल्या या वसाहतीचा कारभार मोठ्या प्रमाणावर आयात मालावरील करावर चाले, आणि शेजारच्या न्यू साउथ वेल्समधून मरे नदी ओलांडून येणाऱ्या मालावरही हा कर लागे, इतक्या या वसाहती परस्परांपासून अलग होत्या.

म्हणूनच १८७७ चा संघ विशेष महत्त्वाचा ठरतो. राष्ट्र म्हणून ऑस्ट्रेलिया अस्तित्वात येण्यास अजून २४ वर्षे होती, संघात दोनच वसाहतींचे खेळाडू होते, आणि अकरांपैकी किमान पाच जणांचा जन्म या भूमीबाहेरचा होता. ३ बाद ४१ अशी अवस्था असताना कूपर मैदानात उतरला. धावसंख्या ११८ वर पोहोचेपर्यंत त्याने एक बाजू लावून धरली व स्वतः केवळ १५ धावा केल्या. पण समोर केंटमध्ये जन्मलेला चार्ल्स बॅनरमन मुक्तपणे खेळत राहिला आणि त्याने जखमी होऊन परतण्यापूर्वी १६५ धावा काढल्या. सामना यजमानांनी ४५ धावांनी जिंकला. कूपरच्या त्या १५ धावांचे मोल धावफलकावरून कळत नाही.

परक्याला इतक्या सहज आपले म्हणणाऱ्या या देशाचे औदार्य मात्र वर्ण पाहून ठरत असे, हे नमूद केलेच पाहिजे. १९०१ मध्ये वसाहतींचे संघराज्य होताच स्थलांतर निर्बंध कायदा झाला, ज्यान्वये येणाऱ्यास युरोपीय भाषेतील ५० शब्दांचे श्रुतलेखन घालता येई, आणि नको असलेल्या माणसासाठी त्याला न येणारी भाषा मुद्दाम निवडली जाई. ही परीक्षा घेण्याचे काम सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडेच होते. फिरोजपूरचा एखादा शीख शेतकरी या अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला असता, तर कूपरचे जन्मगाव त्याच्या कामी आले नसते. कूपर ७ ऑगस्ट १९१४ रोजी जिलाँग या बंदराच्या गावी निवर्तला. श्रुतलेखनाची अट १९५८ पर्यंत कायम होती.