कान्हेरीचे बेट आणि परकीय सत्ता

चैत्यभूमीवर अभिवादनास जाणारे घाटंजीकडील उपासक-उपासिका पुष्कळदा कान्हेरीची लेणीही पाहून येतात. परंतु ही लेणी एका बेटावर आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांवरून, म्हणजे ‘षट्षष्टी’वरून, हे नाव पडले असे मानतात. पोर्तुगीजांनी त्याचे ‘सालसेत’ केले.

परकीयांशी या बेटाचा संबंध त्याहून जुना आहे. कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याण व सोपारा येथील दात्यांची दाने, भिक्षूंच्या चीवरासाठी ठेवलेल्या अक्षयनीवी आणि शेतांच्या देणग्या आढळतात. त्या बंदरांची संपत्ती बऱ्याच अंशी पश्चिमेकडील सागरी व्यापारातून येत असे. तेव्हा परकीय हा ग्राहक होता, धनी नव्हता.

1534 मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि हे पालटले. गावे वार्षिक खंडाने पोर्तुगीज सरदारांना वाटली गेली. कोळी, कुणबी, भंडारी यांपैकी अनेकांचे धर्मांतर झाले. कान्हेरीच्या एका लेण्यातही पाद्र्यांनी आपले प्रार्थनास्थळ मांडले.

येथे एक नोंद आम्हांस फार मोलाची वाटते. पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कौतो याने, ही लेणी कोणी कोरली, असे साष्टीतील एका अतिवृद्ध माणसास विचारले. त्याचे उत्तर 1612 मध्ये छापलेल्या ग्रंथात आहे: संत जोसाफत याच्या पित्याने, पुत्राला जगापासून दूर वाढविण्यासाठी. ख्रिस्ती कथेतील हा जोसाफत हिंदुस्थानचा राजपुत्र. रोग, जरा व मृत्यू यांच्या दर्शनाने विरक्त झालेला. त्याचे नाव म्हणजे ‘बोधिसत्त्व’ हाच शब्द, अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा प्रवास करीत बदललेला! जोसाफत आणि बुद्ध एकच असावेत, अशी शंका खुद्द कौतोलाही आली होती. म्हाताऱ्याने ही कथा पाद्र्यांकडूनच ऐकली असावी. तथापि, बुद्धाला विसरलेल्या बेटावर बुद्धाचीच कथा परकीय संताच्या वेषात परतली, हे खरे.

1737 मध्ये साष्टी मराठ्यांनी जिंकली. 1774 मध्ये इंग्रजांनी घेतली. त्यानंतर शीवचा बांधरस्ता, 1845 चा माहीमचा रस्ता व 1853 ची ठाण्यापर्यंतची आगगाडी यांनी बेटपण नाममात्र उरले. भात पिकविणारी साष्टी मुंबईचे परसदार झाली आणि पुढे मुंबईतच विरली.

मुंबईतील नोकऱ्यांत गोव्याच्या ख्रिस्ती लोकांशी स्पर्धा वाढली, तेव्हा येथील ख्रिस्ती समाजाने 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. कंपनी सरकारची आठवण देणारे हे नाव आजही चालते. त्यांची घरची बोली मात्र मराठीच आहे.