रेझरवर कोरलेलं साल आणि रेझरचं खरं वय

मुंबईच्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काळवंडलेला एखादा जिलेट रेझर हातात घ्या. विक्रेता तो उलटा करतो, त्यावर कोरलेल्या १५ नोव्हेंबर १९०४ या तारखेवर बोट ठेवतो आणि सांगतो, “साहेब, एकशेवीस वर्षांचा पीस आहे!” आजोबांची पेटी उघडणारी नातवंडंही तेच म्हणतात आणि जुन्या वस्तूंच्या जाहिरातींतही तेच छापलेलं असतं. या छंदात नव्याने पडलेला माणूस त्यावर विश्वास ठेवून दामदुप्पट पैसे मोजतो. जाणकारांनी कितीही वेळा खोडून काढला तरी हा गैरसमज पुन्हा डोकं वर काढतोच.

ती तारीख पेटंटची आहे, रेझर घडवल्याची नाही.

किंग कॅम्प जिलेट यांनी पातळ, दुधारी, बदलता येणाऱ्या पात्याच्या रेझरसाठी डिसेंबर १९०१ मध्ये अर्ज केला. ७,७५,१३४ क्रमांकाचं अमेरिकी पेटंट त्यांना १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळालं. मधल्या काळात कंपनी हातावर हात ठेवून बसली नव्हती. १९०३ मध्येच विक्री सुरू झाली होती आणि त्या पहिल्या वर्षी जेमतेम ५१ रेझर खपले. आता साधा हिशेब करू. जे पेटंट अजून मिळालेलंच नाही त्याची तारीख आधीच्या रेझरवर कोरली जाणं शक्य नाही. पेटंटनंतर १९०४ चा उरला जेमतेम दीड महिना. म्हणजे ही तारीख असलेला रेझर खरोखर त्या सालचा असेल, तर तो त्या सहा-सात आठवड्यांतच घडलेला असला पाहिजे. तारीख वयाचा पुरावा देते ती एवढीच, की हा रेझर त्या दिवसाच्या आधीचा नाही.

मग कंपनी जुनीच तारीख वर्षानुवर्षं का कोरत राहिली? कारण कायदा तसा होता. पेटंट घेतलेल्या वस्तूवर ते मिळाल्याची तारीख उमटवावी, असं बंधन अमेरिकेत १८४२ च्या कायद्याने घातलं. ही खूण नसेल तर नक्कल करणाऱ्याकडून भरपाई वसूल करणं अवघड होत असे. तारखेऐवजी पेटंटचा क्रमांक कोरण्याची पद्धत १९२७ च्या दुरुस्तीने आली. त्या काळी पेटंटची मुदत १७ वर्षांची होती, म्हणजे जिलेटचं हे पेटंट १९२१ पर्यंत चाललं. तोवर १९०४ ची तारीख मिरवणाऱ्या रेझरांचा पूर आला होता. पहिल्या महायुद्धात एकट्या अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले. घरात सापडलेला ‘१९०४ चा’ रेझर या पुरातला असण्याचीच शक्यता कितीतरी अधिक आहे, हे सांगायला संग्राहक असण्याची गरज नाही.

खरं वय काढण्याचे मार्ग आहेत आणि ते अवघडही नाहीत. आधी घडण पाहावी. मूठ फिरवली की डोक्याची दोन दारं उघडतात, असा रेझर १९३० च्या दशकाच्या मध्याआधीचा असू शकत नाही, कारण तोवर तो बाजारात आलेलाच नव्हता. ‘टेक’ हे सुटसुटीत तीन तुकड्यांचं मॉडेल १९३८ च्या सुमाराचं आहे. तेव्हा टेक दाखवून कुणी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाची गोष्ट सांगू लागला, तर ती ऐकून घ्यावी आणि पाकीट खिशातच ठेवावं. पातंही बोलतं: तीन गोल भोकांचं पातं जुन्या घडणीचं, मधोमध लांब खाच असलेलं १९३० नंतरचं.

सुरुवातीच्या संचांवर अनुक्रमांक असतात, त्यांचाही उपयोग होतो. आणि १९५० च्या दशकापासूनच्या अमेरिकी जिलेटवर तर कंपनीने स्वतःच उत्तर कोरून ठेवलं आहे. डोक्याच्या खालच्या बाजूला एक अक्षर आणि एक आकडा दिसतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. डब्ल्यू म्हणजे १९५१, झेड म्हणजे १९५४, तिथून पुन्हा ए म्हणजे १९५५. एफ-२ असेल तर तो १९६० च्या दुसऱ्या तिमाहीतला. संग्राहक ज्याला ‘फॅटबॉय’ म्हणतात, तो जाड मुठीचा, धार कमी-जास्त करता येणारा रेझर १९५८ ते १९६१ या काळातला, म्हणून त्यावर डी ते जी ही अक्षरं सापडतात. शंका उरलीच तर फिलिप क्रुमहोल्झ आणि रॉबर्ट वेट्स यांची संग्राहकांसाठीची पुस्तकं आहेत. एवढी सोय असताना पेटंटच्या तारखेवरच अडून राहणं हा निव्वळ आळस आहे.

भारतात मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथल्या जुन्या घरांत अमेरिकी रेझरांइतकेच, किंबहुना जास्त, ‘मेड इन इंग्लंड’ लिहिलेले सापडतात. त्यांना अक्षर-आकड्यांचा हा अमेरिकी तक्ता डोळे मिटून लावता येत नाही. जिलेटचा लंडनजवळच्या आयलवर्थचा घड्याळाच्या मनोऱ्याचा प्रसिद्ध कारखानाच मुळी १९३७ मध्ये सुरू झाला.

वस्तऱ्यांच्या बाबतीत हीच चूक शतकांच्या फरकाने होते. झोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीच्या मालावर १७३१ हे साल दिसलं की लोक पेशव्यांच्या काळात पोहोचतात. ते कंपनीच्या जुळ्यांच्या चिन्हाच्या नोंदणीचं वर्ष आहे. मिठाईच्या खोक्यावर ‘स्थापना’ म्हणून छापलेल्या सालाने आतल्या पेढ्याचं वय ठरवत नाहीत, तसंच हे. शेफिल्डच्या वस्तऱ्यांवरच्या राजमुकुटाचंही तेच. मुकुटाशेजारी ‘जी. आर.’ अक्षरं असतील तर राजा जॉर्ज चौथा, पाचवा की सहावा, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. चौथा १८३० मध्ये गेला आणि सहावा १९५२ मध्ये. त्यापेक्षा देशाचं नाव पाहावं. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा नियम १८९० च्या कायद्याने केला. त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं लिहिलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो.

झोलिंगेन ही कंपनी आहे, हाही गैरसमज कायम ऐकू येतो. ते जर्मनीतलं शहर आहे, तिथे कितीतरी कारागीर आणि कंपन्या होत्या, आणि हे नाव कुणी वापरावं यावर जर्मनीत कायदा आहे. ‘रोल्स रेझर’चा रोल्स-रॉइस मोटारींशी काहीही संबंध नाही. तो लंडनच्या क्रिकलवूडमधल्या वेगळ्याच कंपनीचा, आणि त्याच्या डबीतच पात्याला धार लावण्याचा दगड आणि चामडं असतं. सेफ्टी रेझरचा शोध जिलेटने लावला, हेही खरं नाही: न्यूयॉर्कचे काम्फे बंधू १८८० पासून ‘स्टार’ विकत होते.

जिलेटने रेझर फुकट वाटले आणि पात्यांवर कमाई केली, ही व्यवस्थापनाच्या वर्गांतली लाडकी गोष्ट. शिकागो विद्यापीठाचे रँडल पिकर यांनी २०१० मध्ये कागदपत्रं तपासून ती तपशिलानिशी खोडून काढली. पेटंट चालू असेपर्यंत संचाची किंमत ५ डॉलर होती, आणि तेव्हा कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतला तो मोठा हिस्सा होता. एक डॉलरचा रेझर आला तो १९२१ मध्ये, पेटंट संपताना. आज चांदीच्या मुलाम्याचे ते जुने संच इतके टिकून सापडतात, त्याला ही किंमतही कारण आहे. फुकट वाटण्याची वस्तू इतकी कसून घडवत नाहीत.

पिवळा दिसणारा रेझर सोन्याचा नसतो. पितळेवर अगदी पातळ मुलामा असतो, तो टूथपेस्टने किंवा पितळ घासायच्या पावडरने घासला की निघून जातो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश पुरे. वस्तऱ्याची पांढरी मूठ म्हणजे हस्तिदंत, असं सांगणाऱ्यापासून तर दूरच राहावं. ती बहुतेक वेळा सेल्युलॉइडची असते. खरीच हस्तिदंती निघाली, तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सेल्युलॉइड जुनं झालं की आम्लधर्मी वाफा सोडतं आणि शेजारच्या पोलादावर गंज चढवतं, म्हणून असे वस्तरे बंद डब्यात इतरांसोबत ठेवू नयेत.

आणि जुन्या रेझरला आता पाती मिळत नाहीत, हेही चूक. जिलेटच्या जुन्या तीन भोकांच्या रेझरात आजची दुधारी पाती व्यवस्थित बसतात. अडचण येते ती जेम किंवा एव्हर-रेडीसारख्या एकधारी रेझरांची. त्यांना वेगळ्या मापाची पाती लागतात आणि ती इथे शोधावी लागतात. डबीत जुनं पातं सापडलं तर मात्र ते वापरू नये. रेझर आधी साबणाने धुऊन जंतुनाशकाने पुसावा आणि त्यात नवं पातं घालावं.