मुंबईच्या नावाचे रक्त

वाचकहो, आपला रक्तगट ‘ओ’ असल्याचे कळले म्हणजे आपण निश्चिंत होता. हा गट आपल्याकडे विपुल आहे. परंतु साध्या तपासणीत ज्यांचे रक्त ‘ओ’ ठरते आणि तरीही ज्यांना ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास प्राणावर बेतते, अशी माणसेही या देशात आहेत. मुंबईत आढळलेल्या अशा तीन व्यक्तींची हकीकत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि त्या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव पडले. शहराचे नाव १९९५ साली बदलले. रक्ताने मात्र जुनेच धरून ठेवले आहे.

तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाचा एक शर्करायुक्त पदार्थ असतो. ‘ए’ किंवा ‘बी’ जनुक त्यावर आणखी एक शर्करा चढवतो. ‘ओ’ गटात ‘एच’ तसाच राहतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत हा ‘एच’च तयार होत नाही. भिंतच नसेल तर खुंटी ठोकावी कोठे? साहजिकच तिच्या शरीराला ‘ओ’ गटाचे रक्तही परके वाटते व ते त्या पेशींचा नाश करू लागते.

मात्र ‘ए’ वा ‘बी’ जनुक तिच्या ठायी निद्रिस्त असू शकतो आणि तो अपत्यात जागा होतो. पित्याचा गट ‘ओ’ नोंदलेला, मातेचा ‘ए’, आणि मूल ‘एबी’ निघाले, तर मातेच्या शीलावर बोट ठेवण्यापूर्वी पित्याचे रक्त पुन्हा तपासावे, हे सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते!

हा गट येतो कोठून? एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘एफयूटी-१’ या जनुकात ७२५व्या स्थानी एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने ‘एच’ घडवणारे एन्झाइम निकामी होते. भारतीयांत या बदलासोबत शेजारचा ‘एफयूटी-२’ हा जनुकही लोप पावलेला आढळतो. ही जोडी ठिकठिकाणी स्वतंत्रपणे जुळून यावी हे संभवत नाही. ती एकाच प्राचीन पूर्वजाकडून आली असावी. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांच्या वंशजांतही हीच जोडी सापडली. तेथील फ्रेंच वंशाच्या लोकांत मात्र अशा रक्ताचे कारण निराळाच बदल आहे.

सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो. एकच आला तर त्याचा मागमूसही लागत नाही, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप चालत राहतो. आते-मामे भावंडांच्या विवाहांत असे दोन जनुक एकत्र येण्याचा संभव वाढतो. युरोपात सुमारे दहा लाखांत एक आढळणारा हा गट भारतात सुमारे दहा हजारांत एक आढळतो, त्याचे एक कारण हेच.

तो ओळखणे अवघड नाही. रुग्णाचा रक्तरस ‘ओ’ गटाच्या पेशींत मिसळून पाहावा. पेशींच्या गुठळ्या झाल्या की संशय बळावतो. मग रक्तासाठी प्रथम रुग्णाच्या सख्ख्या भावंडांना बोलवावे. त्यांतील प्रत्येकाचा गट हाच असण्याची शक्यता चारांत एक असते.